नकाशावरची मोकळी जागा

सत्तरी ओलांडलेली माणसे दवाखान्यात आपली दुखणी सहसा ठरलेल्या क्रमाने सांगतात. आधी गुडघे, मग झोप, मग पोट साफ न होणे. रक्तदाब मोजून होतो, गोळ्यांची चिठ्ठी हातात पडते, ती उठतात. आणि पुष्कळदा दाराशी पोहोचल्यावर, चपला घालता घालता, मनातले बोलून जातात. “तसं काही नाही हो डॉक्टर, पण आता माझं काही काम उरलं नाही.” इतक्या वर्षांच्या व्यवसायात हे वाक्य मी असंख्य वेळा ऐकले आहे. सासूबाई गेल्या, त्यानंतरच्या पावसाळ्यात ते माझ्या घरातच ऐकू आले. बोलणारे होते माझे सासरे, आमचे आप्पा.

आप्पांचे वय त्र्याऐंशी. भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून त्यांची सारी नोकरी पायी फिरण्यात गेली. तेहतीस फुटांची साखळी, मोजणीचे फलक, टिपण वही आणि उन्हातान्हात सोबतीला गावचा कोतवाल, हे त्यांचे विश्व होते. कोणत्या गटाचा बांध कोणी किती हात सरकवला, हे त्यांना निवृत्तीनंतरही तोंडपाठ असे. सासूबाईंच्या माघारी मात्र हे सारे बोलणे थांबले. दोन घास कमी झाले, वर्तमानपत्राची घडी तशीच राहू लागली आणि प्रत्येक प्रश्नाला ‘हो’, ‘नको’ किंवा ‘बघू’ एवढेच उत्तर येऊ लागले.

अशा वेळी घरचे लोक ‘वयच झाले’ म्हणतात किंवा ‘विसरभोळेपणा सुरू झाला’ म्हणतात. या दोन्ही निष्कर्षांआधी काही गोष्टी तपासून घ्याव्या लागतात. वृद्धापकाळातील नैराश्य कित्येकदा स्मृतिभ्रंशासारखे दिसते. थायरॉइडची कमतरता, बी-१२ जीवनसत्त्वाचा अभाव, रक्तातील सोडियम घटणे, रक्तक्षय, एखाद्या झोपेच्या गोळीचा परिणाम किंवा नुसते ऐकू कमी येणे, यांपैकी काहीही माणसाला गप्प करू शकते. आप्पांच्या सर्व तपासण्या करून घेतल्या. बी-१२ कमी निघाले, डाव्या कानाने बरेच कमी ऐकू येत होते, आणि मानसोपचारतज्ज्ञांनी सौम्य नैराश्याचे निदान करून अल्प मात्रेत औषध सुरू केले. श्रवणयंत्र आले, इंजेक्शने झाली. भूक सुधारली, झोप सुधारली. परंतु ‘माझं काही काम उरलं नाही’ या वाक्यावर औषधशास्त्रात गोळी नाही. आणि ते वाक्य तर खरेच होते. आम्ही त्यांच्या हातातले प्रत्येक काम प्रेमाने काढून घेतले होते. पाणी हातात, गोळ्या हातात, उशी पाठीमागे. घरात कोणालाच त्यांच्याकडून काही हवे नव्हते.

याच सुमारास, २०२५च्या नोव्हेंबरात, माझ्या मुलीकडे कुरिअरने एक जाडजूड पुस्तक आले. ती पुण्यात नोकरी करते; शनिवार-रविवारी साताऱ्यास घरी येते आणि शाळेपासूनच्या चार मित्रमैत्रिणींसह आमच्या दिवाणखान्यात एक खेळ खेळते. खेळाचे नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी तो १९७४ साली प्रसिद्ध केला, म्हणजे हा खेळ आता पन्नाशी ओलांडलेला आहे. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांनी भातुकली आठवावी. ‘तू आई, मी बाबा’ असे म्हणून मुले जे करतात, तेच येथे मोठी माणसे थोड्या नियमांनी करतात. एक जण सूत्रधार असतो. तो प्रसंग सांगतो: समोर पूल आहे, पुलावर पहारेकरी आहे, तुम्ही काय करता? इतर प्रत्येक जण एकेक पात्र होऊन उत्तर देतो. जे करायचे ते साधेल की फसेल, हे वीस पैलूंचा एक फासा ठरवतो. पैसे लावायचे नसतात, एकमेकांना हरवायचेही नसते. सर्वांनी मिळून एक गोष्ट पुढे न्यायची, एवढाच खेळ. जादू, राक्षस, भुयारे यांमुळे १९८०च्या दशकात अमेरिकेतील पालकांमध्ये या खेळाची मोठी धास्ती पसरली होती. ती निराधार ठरली.

गोष्ट घडायची तर तिला मुलूख हवा. मुलीकडे आलेले पुस्तक अशा मुलखाचेच होते. ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ या प्रकाशकाने त्या महिन्यात ‘फर्गॉटन रेल्म्स’ या कल्पित जगाविषयीची दोन नवी पुस्तके काढली: एक खेळाडूंसाठी, ‘हीरोज ऑफ फेरून’, दुसरे सूत्रधारासाठी, ‘ॲडव्हेंचर्स इन फेरून’. फेरून हा त्या जगातील एक खंड. अशा पुस्तकात कथा कमी आणि माहिती अधिक असते. कोणत्या प्रांतात कोण राज्य करते, कोणते देव पुजले जातात, कोणाचे कोणाशी वैर आहे, आणि वाटसरूला तेथे काय काय भेटू शकते. आपल्याकडील जिल्ह्याचे गॅझेटिअर ज्यांनी चाळले असेल, त्यांना कल्पना येईल. फरक एवढाच की हे गॅझेटिअर कधीच अस्तित्वात नसलेल्या जिल्ह्याचे.

या मुलखाचा जन्म मला फार आवडतो. कॅनडातील एड ग्रीनवुड हे त्याचे जनक. वयाच्या आठव्या वर्षाच्या सुमारास, १९६७च्या आसपास, त्यांनी या जगातील पहिली गोष्ट लिहिली. तिचा नायक कोणी तरणाबांड योद्धा नव्हता. तो होता मर्ट नावाचा सावकार, वय झालेला, अंगाने सुटलेला, चालताना धापा टाकणारा! पुढे ग्रीनवुड यांनी सार्वजनिक ग्रंथालयात नोकरी केली आणि मित्रांबरोबर खेळता खेळता ते जग वाढवीत नेले. त्या जगाचा सर्वांत प्रसिद्ध रहिवासीसुद्धा एल्मिन्स्टर नावाचा शेकडो वर्षांचा दाढीवाला म्हातारा आहे. तो जादूगार आहे खरा. पण मुलुखाची माहिती पुष्कळदा त्याच्याच तोंडून आपल्याला कळते. ज्याने सर्व पाहिले आहे तोच सांगू शकतो, हे त्या लेखकाने इतक्या लहान वयात ओळखले असावे.

१९८७ साली, तेव्हाच्या ‘टीएसआर’ या कंपनीने, ग्रीनवुड आणि जेफ ग्रब यांच्या हातून तयार झालेला या मुलखाचा पहिला संच पेटीच्या स्वरूपात विक्रीस आणला. त्यात एक विलक्षण गोष्ट होती. नकाशावर सेंबिया नावाचा एक श्रीमंत व्यापारी प्रांत दाखवलेला होता, पण त्याचा तपशील मुद्दाम भरलेला नव्हता. तो प्रांत खेळणाऱ्यांसाठी राखून ठेवला होता: येथे आम्ही काही लिहिणार नाही, तुम्ही लिहा. पुढे कादंबऱ्यांनी ती जागाही भरून टाकली, हा भाग निराळा. परंतु स्वतःचे जग इतक्या बारकाईने रचणाऱ्याने त्यातला एक तुकडा परक्यांसाठी कोरा सोडावा, याचे मला फार अप्रूप वाटले. मुलीने ही हकिकत सांगितली, तेव्हा ती मला वृद्धांच्या शुश्रूषेविषयी काही सांगते आहे, हे माझ्या लगेच ध्यानात आले नाही. ते ध्यानात आणून दिले आप्पांनी.

त्या रविवारी मुलांनी नकाशा मोठा छापून आणून टेबलावर पसरला होता. आप्पा पाणी प्यायला म्हणून उठले आणि नकाशापाशी थांबले. खिशातून भिंग काढले. मुले संकोचून बाजूला झाली. बराच वेळ पाहून आप्पांनी विचारले, “प्रमाण काय धरलंय?”

कोपऱ्यातील मैलांची पट्टी मुलीने दाखवली. त्यांनी बोटाने दोन-तीन अंतरे मोजली आणि दुसरा प्रश्न केला. “हे डोंगराखालचं खोरं दिसतंय. इथं गावं कोणती? शिव कुठून जाते? सारा कोण गोळा करतो?”

ज्या भागावर त्यांचे बोट होते त्याचे नाव डेललँड्स. घनदाट अरण्याच्या भोवती वसलेली, आपापला कारभार आपणच पाहणारी लहान लहान शेतकरी खोरी, असे त्याचे वर्णन आहे. सूत्रधार असलेला मुलगा आमच्या शेजारचाच. त्याने पुस्तक उघडून उत्तर शोधता आले असते, किंवा ‘आजोबा, हे खोटं आहे हो’ असे म्हणून विषय संपवता आला असता. त्याने पुस्तक मिटले आणि म्हणाला, “आजोबा, तेवढं आमच्याकडे नाहीये. तुम्ही सांगता का? एक गाव हवंय आम्हाला. इथे, नदीच्या या वळणावर.”

आप्पा खुर्ची ओढून बसले.

पुढील दोन रविवारांत ते गाव उभे राहिले. गावठाण उंचवट्यावर, कारण नदीला पूर येणार. विहीर एकच, म्हणून भांडणे. वरच्या अंगाला हलकी जमीन, खालच्या अंगाला काळी. गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद, असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर, हे त्यांनी मुलांकडून घोटून घेतले. आणि तीन गावांच्या शिवा जेथे मिळतात तेथे एक दगड. “तो दगड रात्री कुणीतरी हलवलाय,” आप्पांनी जाहीर केले. “कुणी ते मी सांगणार नाही. तुम्ही शोधा.” राक्षसाशी लढायला निघालेली पाच वीर मंडळी संपूर्ण संध्याकाळ साखळी धरून बांध मोजत राहिली. आणि खेळाच्या रीतीप्रमाणे त्या गावचा म्हातारा मोजणीदार झाले स्वतः आप्पा.

मी स्वयंपाकघरात होते, दार उघडे होते. एका खेळाडूने मोजणीदाराला विचारले, “बाबा, तुम्ही एवढ्या रात्री दगडापाशी काय करत होता? घरी वाट पाहत असतील.” थोडा वेळ काहीच ऐकू आले नाही. मग आप्पांचा आवाज आला. “वाट पाहणारी गेली. आता उशीर झाला तरी कुणी विचारत नाही. म्हणून दगड राखतो.”

सासूबाई गेल्यापासून त्यांच्याविषयी आप्पांच्या तोंडून आलेले हे पहिले वाक्य होते. ते त्यांनी आम्हाला सांगितले नाही, तज्ज्ञांनाही सांगितले नव्हते. सांगितले ते एका काल्पनिक खोऱ्यातल्या काल्पनिक वाटसरूला. मुले गप्प झाली. मग त्या खेळाडूने, तीच वाटसरूची भूमिका न सोडता, हळूच म्हटले, “मग आज आम्ही थांबतो तुमच्याबरोबर. काही सांगा त्यांच्याविषयी.” आणि त्यांनी सांगितले. मोजणीवरून परतायला रात्र झाली तर ती कंदील घेऊन वेशीपर्यंत येत असे, भाकरी मात्र स्वतः जेवून मगच वाढत असे, म्हणायची ‘तुमचा काय भरवसा’. त्यावर मुले हसली, आणि आप्पाही हसले. त्या कंदिलाची गोष्ट आम्ही घरात कोणीच कधी ऐकली नव्हती.

येथे डॉक्टर म्हणून काही गोष्टी स्पष्टपणे सांगणे माझे कर्तव्य आहे. या खेळाने आप्पा ‘बरे झाले’ असे मी म्हणणार नाही. औषध चालू आहे, तज्ज्ञांकडे नियमित जाणे चालू आहे, श्रवणयंत्राशिवाय तर यातले काहीच शक्य झाले नसते. मुलांची नावे ते अजूनही चुकवतात. काही रविवारी ते उठतच नाहीत, आणि तेव्हा कोणी आग्रह करत नाही. बदलले ते एवढेच: शनिवारी संध्याकाळी ते स्वतःहून दाढीचे सामान मागतात आणि वहीत काही आकृत्या काढून ठेवतात. पण ज्या माणसाने वर्तमानपत्राची घडी मोडणे सोडले होते, त्याच्या बाबतीत ‘एवढेच’ हा शब्द जपून वापरावा लागतो.

विज्ञान याबाबत काय म्हणते? न्यूयॉर्कमधील पंचाहत्तरी ओलांडलेल्या ४६९ व्यक्तींवर काही वर्षे केलेला एक अभ्यास २००३ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. वाचन, पटावरचे खेळ, वाद्यवादन आणि नृत्य यांत रमणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले. अर्थात, खेळल्यामुळे मेंदू चांगला राहिला की मेंदू चांगला होता म्हणून खेळता आले, हे अशा अभ्यासातून सिद्ध होत नाही. २०२४ साली ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञगटाने स्मृतिभ्रंशाशी निगडित आणि बदलता येण्याजोग्या १४ घटकांची यादी दिली. ऐकू कमी येणे, दृष्टिदोष, नैराश्य आणि माणसांत मिसळणे तुटणे हे चारही त्यात आहेत. म्हणजे कानाचे यंत्र, चष्म्याचा योग्य नंबर, मनाचा इलाज आणि माणसांची सोबत हे सारे एकाच उपचाराचे भाग आहेत. एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

ज्या घरात वृद्ध व्यक्ती आहे आणि नातवंडे असे काही खेळतात, त्यांच्यासाठी अनुभवाचे चार शब्द. तरुणांचा डाव चार-चार तास चालतो. ज्येष्ठांना दीड-दोन तास पुरे, आणि मध्ये पाण्याची व लघुशंकेची विश्रांती हवी. प्रकाश डोक्यावरून नव्हे तर टेबलावर पडेल असा ठेवावा, अक्षर मोठे असावे, एका वेळी एकानेच बोलावे आणि पंखा-टीव्हीचा आवाज कमी असावा. श्रवणयंत्र गोंगाट वाढवून देते, अर्थ वाढवून देत नाही. नियम शिकवत बसू नये. फासा टाकायला आणि ‘आता काय करू या?’ एवढे विचारायला नियम लागत नाहीत. स्मृतिभ्रंश असलेल्यांची परीक्षा घेऊ नये: ‘ओळखा पाहू मी कोण?’ हा प्रश्न खेळातही क्रूर आहे. त्यांनी कालचे गाव आज निराळे सांगितले तर आजचे खरे मानावे. मात्र एखाद्या ज्येष्ठाला गोष्टीतले शत्रू खरे वाटू लागले, भीती वाटू लागली, तर खेळ तत्काळ थांबवावा. आणि बोलण्यात किंवा वागण्यात एक-दोन दिवसांत अचानक मोठा फरक पडला, तर तो म्हातारपणाचा दोष न समजता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. त्यामागे लघवीचा संसर्ग, शरीरातील पाणी कमी होणे किंवा पक्षाघातही असू शकतो.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी आणखी एक. त्या दोन तासांत मी टेबलापाशी बसत नाही. सुरुवातीला लोणच्याची फोड, पाण्याचा पेला असे निमित्त काढून जाऊन पाहत असे. आता गच्चीत जाऊन बसते. ज्याची काळजी घ्यायची तो माणूस दुसऱ्या कोणाच्या उपयोगी पडत आहे, हे दुरून ऐकणे हीदेखील शुश्रूषा करणाऱ्याची विश्रांती आहे.

यासाठी परदेशी पुस्तकच हवे असे मुळीच नाही. घरात खेळणारी नातवंडे नसतील तर साधा कोरा कागद पुरतो. पण त्या पुस्तकामागच्या माणसाकडून घेण्याजोगी गोष्ट ती कोरी जागा आहे. आपण ज्येष्ठांचा दिवस इतका भरून टाकतो, वेळेवर चहा, वेळेवर गोळी, वेळेवर मालिका, की त्यांनी भरावी अशी जागाच आपण शिल्लक ठेवत नाही. निवृत्त शिक्षिकेला शाळेचा आराखडा विचारता येईल, शेतात राबलेल्या आजीला पाटाचे पाणी कसे फिरवत असत हे विचारता येईल, गिरणीत काम केलेल्या आजोबांना चाळीतले मजले आणि बिऱ्हाडे काढून दाखवायला सांगता येईल. अट एकच: विचारणाऱ्याला उत्तराची खरोखर गरज असावी. करमणुकीसाठी विचारलेला प्रश्न आणि गरजेपोटी विचारलेला प्रश्न यांतला फरक म्हाताऱ्या माणसाला लगेच कळतो.

वाचकहो, येत्या पंधरवड्यात असा एक प्रश्न आपल्या घरातील ज्येष्ठांना विचारून पाहा. कागद आणि पेन्सिल त्यांच्या हाताशी ठेवा, चष्मा पुसून द्या, टीव्ही बंद करा. उत्तर यायला वेळ लागेल. तेवढा वेळ आपण बोलू नये.